रोज ४५ बालरुग्ण, तरी महिनाअखेर हात रिकामे: सोलापुरातील एका सहकाऱ्यास उत्तर

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी मांडतो, म्हणजे पुढील उत्तर कशाला आहे हे इतरांनाही कळेल. तुम्ही एमडी बालरोगतज्ज्ञ आहात. तीन वर्षांपूर्वी सोलापूरच्या पूर्व भागात भाड्याच्या जागेत दवाखाना सुरू केला. रोज सरासरी ४५ मुले तपासता, शुल्क २५० रुपये आहे, सात दिवसांच्या आत पुन्हा आल्यास काही घेत नाही, आणि एवढी गर्दी असूनही महिन्याच्या शेवटी घरी नेण्यासारखे फारसे उरत नाही. जागामालक वरचा मजला देऊ करीत आहेत, बँक कर्ज द्यायला तयार आहे, दहा खाटांचे रुग्णालय काढल्याशिवाय प्रॅक्टिस उभी राहत नाही असे मित्र सांगतात, आणि मालकांना दिवाळीपर्यंत उत्तर हवे आहे.

मी याच शहरात २७ वर्षे फिजिशियन म्हणून काम करतो आहे. माझे उत्तर असे की तुमची अडचण खाटांची नाही, तपासणी शुल्काची आहे. जो डॉक्टर स्वतःच्या वेळेची आणि ज्ञानाची किंमत उघडपणे, फलकावर लिहून घेत नाही, त्याला ती किंमत आज ना उद्या दुसऱ्या कुठल्यातरी वाटेने वसूल करावी लागते, आणि त्या बहुतेक वाटा रुग्णाच्या अहिताच्या असतात.

तुम्ही पाठवलेले आकडे मी एका कागदावर मांडले. भाडे ३०,००० रुपये, स्वागतकक्षातील मुलीचा पगार १३,०००, परिचारिकेचा १६,०००, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास येणाऱ्या सफाई कर्मचारी बाईंचे ६,०००, वीज ७,०००, फोन, इंटरनेट आणि सॉफ्टवेअर २,५००, हातमोजे, सिरिंज, छपाई वगैरे ६,०००, आणि वर्षातून एकदा येणारे खर्च, म्हणजे जैववैद्यकीय कचरा उचलण्याचे शुल्क, उपकरणांची देखभाल, विमा, सनदी लेखापालांचे मानधन, हे बाराने भागून ६,५००. ही बेरीज ८७,००० रुपये होते. कर्जाचा हप्ता ३६,००० धरला की १,२३,००० होतात. तुम्ही या यादीत एक रकाना लिहिलेलाच नाही, तो म्हणजे तुमचा स्वतःचा पगार. घरभाडे, मुलीची शाळा, आईवडिलांची औषधे आणि थोडी बचत यांसाठी तुम्हाला दरमहा १,२०,००० लागतात असे तुम्हीच अन्यत्र लिहिले आहे. मग तो दवाखान्याचाच खर्च आहे, उरलेसुरले पैसे नव्हेत. एकूण २,४३,०००. महिन्याचे २५ कामाचे दिवस धरले तर दवाखान्याला रोज ९,७२० रुपये मिळायला हवेत.

आता जमेची बाजू. ४५ मुलांपैकी साधारण १८ फेरतपासणीची असतात, म्हणजे पैसे देणारे २७. त्यांचे २५० प्रमाणे ६,७५० रुपये होतात. रोज २,९७० रुपयांची तूट, महिन्याला ७४,२५०. तुमच्या हाती प्रत्यक्षात ४५,७५० रुपये उरतात. पदव्युत्तर शिक्षण घेत असताना मिळणारे विद्यावेतनही याहून अधिक होते, ही गोष्ट तुमच्या ध्यानात आली असेलच, पण गर्दीकडे पाहून ती खरी वाटत नाही. रुग्णांनी भरलेला बाक आणि भरलेला गल्ला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या व्यवसायात पहिल्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधण्याची सवय फार खोल रुजलेली आहे.

शुल्क ३५० केले तर काय होईल ते पाहू. फेरतपासणी तीन दिवसांपर्यंत मोफत ठेवावी आणि त्यानंतर सातव्या दिवसापर्यंत १०० रुपये घ्यावेत. तापाचे मूल तिसऱ्या दिवशी पुन्हा पाहणे वैद्यकीयदृष्ट्या आवश्यकच असते, त्यामुळे ते मोफत राहू द्यावे. १८ पैकी निम्मी मुले दुसऱ्या गटात येतील असे धरू. शुल्कवाढीमुळे रोजची तीन नवी मुले दुसरीकडे गेली असेही मानून चालू. तरी २४ गुणिले ३५० म्हणजे ८,४०० आणि फेरतपासणीचे ९००, असे ९,३०० रुपये होतात. तूट २,९७० वरून ४२० वर येते, आणि एकही भिंत बांधावी लागत नाही. उरलेली तूट भाड्याची घासाघीस करून किंवा कर्जाची मुदत वाढवून भरून काढता येईल, मात्र मुदत वाढवल्यास एकूण व्याज वाढते हे लक्षात ठेवूनच तो निर्णय घ्यावा.

तुमची अडचण मला माहीत आहे, कारण तुम्ही ती स्पष्ट लिहिली आहे: 'माझ्याकडे येणारी कुटुंबे यंत्रमागावर आणि विडीच्या कामावर जगतात, त्यांच्याकडून जास्त घेववत नाही.' ही भावना मी मनापासून मानतो. पण सगळ्यांसाठी शुल्क कमी ठेवणे हा गरिबांना मदत करण्याचा सर्वांत महागडा आणि सर्वांत आंधळा मार्ग आहे. त्याच बाकावर विडी वळणाऱ्या बाईंचे मूल असते आणि टॉवेलच्या कारखानदारांचा नातूही असतो. दोघांनाही तुम्ही शंभर रुपयांची सूट देता आणि पहिलीला खरे तर अडीचशेही जड असतात. म्हणून शुल्क खर्चाच्या हिशेबाने ठरवावे आणि सवलत माणूस पाहून द्यावी. माझ्याकडे सवलतीची एक साधी वही आहे. तारीख, पावती क्रमांक आणि किती सोडले एवढेच तिच्यात लिहिले जाते, कारण लिहिले जात नाही. दरमहा ठरावीक रक्कम मी या वहीसाठी बाजूला धरतो. ती संपली तरी गरजू रुग्णाला परत पाठवीत नाही, पण पुढील महिन्यात ती रक्कम वाढवायची की नाही याचा विचार शांतपणे करतो. सवलत द्यायची ती तुम्ही स्वतः, तपासणीच्या खोलीत, चिठ्ठीवर खूण करून द्यावी. बाहेर सर्वांसमोर कर्मचाऱ्याशी हुज्जत घालून मिळवलेली सूट घेणाऱ्यालाही लाजवते आणि पुढच्या दहा जणांना तसेच करायला शिकवते.

उधारीचेही तसेच आहे. आपल्या भागात अनेक घरांत मजुरी आठवड्याच्या हिशेबाने हाती येते, त्यामुळे 'शनिवारी देतो' हे वाक्य बहुतेक वेळा प्रामाणिक असते. ते लिहून घ्यावे, पण महिन्यापेक्षा जुनी उधारी सरळ सवलतीच्या वहीत वर्ग करून विषय संपवावा, कारण थकबाकीच्या संकोचाने ती आई आजारी मूल घेऊन पुन्हा यायचे टाळते, आणि ते नुकसान दोनशे-तीनशे रुपयांपेक्षा कितीतरी मोठे असते.

शुल्कवाढ कशी जाहीर करावी, हेही सांगतो. एक महिना आधी फलक लावावा, मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडमध्येही लिहावा, आणि त्यावर नवे शुल्क, फेरतपासणीचा नियम व लागू होण्याची तारीख एवढेच असावे. महागाईची कारणे लिहू नयेत. शुल्क दवाखान्यात दिसेल असे लावणे हे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत सांगितलेलेच आहे. तुमच्या स्वागतकक्षातील मुलीला तेलुगू उत्तम येते असे तुम्ही लिहिता; मग तिचा पगार शुल्कवाढीच्या महिन्यातच वाढवावा, कारण पूर्व भागातील आजीला सलाइन आणि ओआरएसमधला फरक तिच्या भाषेत समजावणारे माणूस गेले तर ते पुन्हा मिळत नाही. फोनवरच्या सल्ल्याचाही इथेच विचार करावा. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा सल्ल्याचे शुल्क घेता येते आणि त्याची पावती द्यावी लागते. रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी पुरळाची छायाचित्रे तुमच्या झोपेतून वजा होतात, म्हणून त्यासाठी ठरावीक वेळ आणि ठरावीक शुल्क असावे. तातडीचे प्रश्न अर्थातच त्यातून वगळावेत.

आता ज्या वाटांचा मी सुरुवातीला उल्लेख केला त्यांविषयी. तूट असलेल्या दवाखान्यात कोणीतरी येऊन हळू आवाजात प्रयोगशाळेच्या टक्केवारीचे बोलतो. रुग्ण पाठवल्याबद्दल पैसे देणे किंवा घेणे त्याच आचारसंहितेने निषिद्ध ठरवले आहे. औषध कंपन्यांकडून मिळणाऱ्या भेटी आणि सहली यांवरही वर्षाला २०,००० रुपयांपुढे १० टक्के करकपात १ जुलै २०२२ पासून लागू आहे, म्हणजे त्या तुमच्या उत्पन्नात नोंदल्या जातात. पण कायदा बाजूला ठेवला तरी साधा हिशेब पाहावा. ज्या आईला २५० ऐवजी ३५० सांगायला तुमची जीभ रेटत नव्हती, तिच्याकडूनच तुम्ही तीन अनावश्यक तपासण्यांचे ९०० रुपये खर्च करवून त्यातील काही भाग मागील दाराने घेता. तिचे सहाशे-सातशे रुपये वाया जातात, आणि पुढच्या वेळी खरोखर आवश्यक असलेली तपासणी तुम्ही लिहून दिली तरी ती संशयाने पाहते.

खाटांच्या बाबतीत मी स्वतः ही चूक केली आहे. व्यवसायाच्या दहाव्या-अकराव्या वर्षी, चांगली चालणारी ओपीडी असताना, मी कर्ज काढून चार खाटांचा अतिदक्षता विभाग सुरू केला. हप्ता लाखाच्या वर होता आणि चारपैकी सरासरी दीड खाट भरलेली असे. एका संध्याकाळी डेंग्यूचा एक तरुण रुग्ण आला. प्लेटलेट १,१०,००० होत्या, रक्तदाब उत्तम, पोटदुखी नाही, उलट्या नाहीत, पाणी व्यवस्थित पीत होता. अशा रुग्णाला धोक्याची लक्षणे समजावून घरी पाठवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त तपासायचे, हे मी विद्यार्थ्यांना शिकवत असे. मी त्याला दाखल करून घेतले. रात्री घरी आल्यावर मला स्वच्छ दिसले की चिठ्ठी लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर रुग्ण नव्हता, पाच तारखेचा हप्ता होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला बिल न लावता घरी सोडले. पुढील काही महिन्यांत तो विभाग बंद केला, यंत्रे तोट्यात विकली आणि उरलेले कर्ज फेडायला मला चार वर्षे लागली. ती चार वर्षे कठीण होती, पण त्या काळात मी लिहिलेल्या कोणत्याही दाखल-चिठ्ठीबद्दल मला आज शंका वाटत नाही. तुमचा पत्रव्यवहार वाचताना मला सतत हीच संध्याकाळ आठवत होती, आणि हे उत्तर इतके लांबण्याचे कारणही तेच आहे.

दहा खाटांचा खरा खर्च बँकेच्या प्रकल्प अहवालात दिसतो त्याहून बराच मोठा असतो. तीन पाळ्यांत दोन-दोन परिचारिका ठेवायच्या आणि साप्ताहिक सुट्ट्या भरून काढायच्या तर किमान सात जणी लागतात. रात्रीचे निवासी डॉक्टर, मावशी, वॉर्डबॉय, जनित्र, ऑक्सिजन हे आलेच. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम १९४९ खाली महापालिकेकडे नोंदणी, २०२१ च्या सुधारित नियमांप्रमाणे दरपत्रक व रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे, २०१६ च्या नियमांनुसार कचऱ्याचे पिवळे, लाल, पांढरे आणि निळे असे वर्गीकरण, अग्निशमन यंत्रणेचे सहामाही प्रमाणपत्र, या सगळ्याला पैसा लागतो आणि त्याहून जास्त तुमचा वेळ लागतो. कर्मचारी दहा झाले की राज्य कामगार विम्याची जबाबदारीही येते. शिवाय सोलापूरचा एक खर्च पुण्याच्या सल्लागाराला कधीच सुचत नाही, तो म्हणजे पाणी. नळाला दिवसाआड नव्हे, काही दिवसांआड पाणी येणाऱ्या या शहरात दहा खाटा, त्यांच्या चादरी, दोन-दोन नातेवाईक आणि स्वच्छतागृहे चालवायची तर मोठी टाकी आणि उन्हाळ्यातील टँकर गृहीत धरावेच लागतात. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे असताना वातानुकूलनाचे बिलही त्याच वेळी चढते, आणि बालरोगतज्ज्ञाची ओपीडी नेमकी त्याच सुट्टीच्या काळात उतरते.

कॅशलेस विमा आणि शासकीय योजना यांवर हप्त्याची मदार ठेवू नये. आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाणारी योजना २०१२ मध्ये ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत सोलापूर होते, त्यामुळे येथील रुग्णांना तिची चांगली माहिती आहे आणि गंभीर आजारांत तिने असंख्य कुटुंबांना वाचवले आहे. पण रुग्णालयाच्या बाजूने पाहिले तर औषधे आणि पगार आज द्यावे लागतात आणि दाव्याचे पैसे मंजुरीनंतर येतात. विम्याच्या एक लाखाच्या मंजूर बिलातूनही १० टक्के करकपात होऊन ९०,००० हाती येतात. उरलेले विवरणपत्र भरल्यावर करात वळते होतात किंवा परत मिळतात. मधल्या काळासाठी लागणारे खेळते भांडवल नसेल तर भरलेले रुग्णालयही अडचणीत येते.

लसींचा मुद्दा तुम्ही एका ओळीत उरकला आहे, पण बालरोगतज्ज्ञाचा सर्वांत जास्त पैसा त्या शीतकपाटातच अडकतो. दोन ते आठ अंशांत ठेवलेला दीड-दोन लाखांचा साठा एका रात्रीच्या वीजखंडाने फेकून द्यावा लागू शकतो, म्हणून घरगुती फ्रिज न वापरता लसींसाठीचे खास शीतकपाट, तापमानाची रोज दोनदा नोंद आणि विजेची पर्यायी सोय असावी. लसींचे पैसे वेगळ्या खात्यात जमा करावेत, म्हणजे पुढील खरेदी त्याच पैशांतून होईल आणि विक्रीची पूर्ण रक्कम उत्पन्न समजून खर्च होणार नाही. ज्या लसींची मुदत तीन महिन्यांत संपते त्यांची यादी दर सोमवारी पाहावी. लसीची किंमत आणि टोचण्याचे शुल्क पावतीवर वेगळे दाखवावे. आणि पेंटाव्हॅलंट, रोटाव्हायरस, न्यूमोकोकल, गोवर-रुबेला या लसी महापालिकेच्या आरोग्य केंद्रात मोफत मिळतात, हे प्रत्येक पालकाला स्वतःहून सांगावे. न्यूमोकोकल लस २०२१ पासून देशभर राष्ट्रीय कार्यक्रमात आहे. हे सांगितल्याने माझ्या ओळखीच्या कोणत्याही बालरोगतज्ज्ञाचे नुकसान झालेले मी पाहिलेले नाही. उलट ज्या पालकांना ऐपत असते ते टायफॉइड, कांजिण्या, फ्लूच्या लसींसाठी अशाच डॉक्टरकडे टिकतात.

करांबाबत थोडक्यात. आयकर कायदा १९६१ च्या कलम ४४एडीएनुसार ५० लाखांपर्यंतच्या (रोखीचा हिस्सा ५ टक्क्यांपर्यंत असल्यास ७५ लाखांपर्यंतच्या) एकूण प्राप्तीच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलतात, तत्त्व तेच राहते. तुमची तपासणीची वार्षिक प्राप्ती २०,२५,००० आहे, म्हणजे उत्पन्न १०,१२,५०० धरले जाईल, आणि २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर लागत नाही. हप्ता सोडून तुमचा प्रत्यक्ष खर्च निम्म्याहून थोडा जास्त आहे, पण तो दाखवण्यासाठी हिशेबाच्या वह्या आणि लेखापरीक्षण लागेल, आणि त्यातून वाचणारा कर शून्य आहे. लसींची रक्कम मिळवल्यावर आकडा बदलेल, तो तुमच्या सनदी लेखापालांकडून तपासून घ्यावा. मात्र या कलमाखाली वह्यांची सक्ती नाही म्हणून स्वतःसाठीची वही बंद करू नये.

ती वही अवघी एका पानाची असावी. रात्री दवाखाना बंद करताना एकूण रुग्ण, त्यांतील नवे आणि फेरतपासणीचे, रोख, यूपीआय, सवलत आणि उधारी लिहावी. पावत्यांचे क्रमांक आणि पैसे जुळले पाहिजेत. तुम्ही सध्या क्यूआर कोड पत्नीच्या बचत खात्याचा लावला आहे, तो पहिल्यांदा बदलावा. दवाखान्याचे चालू खाते वेगळे असावे आणि दर महिन्याच्या एक तारखेला त्यातून तुमचा पगार ठरावीक रकमेने तुमच्या खात्यात जावा. पावसाळ्यात गर्दी वाढते तेव्हा हा पगार वाढवू नये. ती वाढ तुमचा पगार सोडून तीन महिन्यांच्या खर्चाइतकी, म्हणजे सुमारे पावणेचार लाखांची राखीव रक्कम साठेपर्यंत बाजूला ठेवावी. उन्हाळा, गड्ड्याच्या यात्रेचा, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेचा, आठवडा आणि तुमचे स्वतःचे आजारपण या रकमेवर निभावते. मनगट मोडून सहा आठवडे घरी बसलेल्या डॉक्टरचे भाडे थांबत नाही, म्हणून अपघात व अपंगत्वाचा विमा आणि व्यावसायिक दायित्वाचा विमा दोन्ही असावेत, आणि जवळच्या एखाद्या बालरोगतज्ज्ञाशी एकमेकांची ओपीडी सांभाळण्याचा लेखी समझोता असावा.

वरच्या मजल्याबद्दल मालकांना दिवाळीपूर्वीच उत्तर द्यावे, आणि ते असे: आज जागा नको, परंतु दोन वर्षांत ती दुसऱ्या कोणाला द्यायची झाल्यास आधी आम्हाला विचारावे, असे भाडेकरारात लिहून घ्यावे, त्यासाठी थोडी अनामत मागितली तर द्यावी. तोपर्यंत दाखल करण्याजोगी मुले तुमची नेमणूक मान्य करणाऱ्या मोठ्या रुग्णालयात दाखल करून तिथे स्वतः भेट द्यावी आणि भेटीचे शुल्क घ्यावे. महिन्याला अशी किती मुले होतात आणि किती दिवस राहतात हे त्या रात्रीच्या पानावर वेगळ्या रकान्यात लिहीत जावे. वर्षभर सरासरी पाच-सहा खाटा रोज भरतील इतकी मुले तिथे दिसली तर तो कागद घेऊन माझ्याकडे यावे. मग बँकेत आपण दोघे बरोबर जाऊ.